गयाबाईवर रचलेली झडती

चाळीस वर्षं मी लोकांना हसवून पोट भरलं. खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, मी सोंगाड्या होतो. ढोलकी आणि डफ वाजू लागले, नाच्या पोर गिरकी घेऊन बाजूला झालं की मी पुढं यायचो, आणि तोंड उघडायच्या आधीच बाया पदर तोंडाला लावायच्या. पांढरकवडा, वणी, भैंसा, कुठं कुठं नाही गेलो. एकदा भैंशाच्या कापसाच्या बाजारात गाड्या जोडून मंच केला होता. तिथं एका हमालाला हसता हसता उचकी लागली, ती दोन दिवस थांबली नाही. असे ते दिवस होते, मंडळी. ढोलकीवाला गेला, नाच्या नांदेडला पोराकडं राहायला गेला, आणि मी माझ्या गावात, तेलंगणातल्या भीमपूर मंडलात पैनगंगेच्या अलीकडं, घराच्या ओट्यावर येऊन बसलो.

पण आज मी लिहितो आहे ते गयाबाईबद्दल. तिची गोष्ट सांगताना मधे मला यावं लागणार आहे. ते येणं मानाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गयाबाई आज पन्नाशीची असेल. बेताची उंची, सावळा रंग, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. तो बादल्या वाहून उतरला आहे. तिचे वडील मंचेरियलकडं कोळशाच्या खाणीत होते. छातीचा आजार होऊन ते खाटेला लागले, तेव्हा मिशनच्या एका नर्सबाईनं दोन वर्षं घरी येऊन त्यांची सेवा केली. ते गेले, आणि सगळं घर येशूच्या मार्गाला लागलं. गयाबाई तेव्हा दहा वर्षांची होती. पाळकांनी तिचं नाव बदलून ग्रेस ठेवू म्हटलं, तर ही म्हणाली, "देव मले गया म्हनूनच वळखते. नाव बदललं तं सापडाची नाही तेले." पाळकांनी नाव तसंच राहू दिलं.

लग्न होऊन ती आमच्या गावात आली. नाल्याच्या काठाला ख्रिस्ती लोकांची सहा घरं आहेत, त्यातलं शेवटचं दौलतचं. दौलत दुसऱ्याच्या वावरात फवारा मारायचा. आमच्याकडं कापसावर पोळ्याच्या आगेमागे फवारणीची धांदल असते. कपाशी छातीएवढी वाढलेली, वारा पडलेला, आणि माणूस पाठीवर पंप घेऊन त्या हिरव्या भिंतीत शिरतो. औषध जेवढं पानावर पडतं तेवढंच अंगावर पडतं. दौलत चांगला माणूस. शीळ घालत फवारायचा. शीळ कुठून येते त्यावरून तो कोणाच्या वावरात आहे ते समजायचं.

एका भादव्यात तो वावरातून आला, तसाच ओल्या कपड्यांनी जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला फेस. तिसऱ्या दिवशी आदिलाबादच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला. ही गोष्ट गावाला माहीत होती. गावाला माहीत नव्हतं ते गयाबाईनं मला पुढं एकदा सांगितलं. त्या दिवशी दौलतनं आंघोळीला पाणी मागितलं होतं. हंड्यात पाणी नव्हतं, बोअरवर गर्दी होती, आणि ती म्हणाली होती, "जेवून घ्या पहिले, मंग आनते." दवाखान्यात डॉक्टरनं समजावलं की जहर श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं, ओल्या कपड्यातून रात्रभर जात राहतं. ती मला म्हणाली, "त्याच कापडावर मी तेले वाढलं, काका. तेच्या मांडीवर सांडलेलं वरन मी माह्या हातानं पुसलं."

नवरा गेल्यावरचं पहिलं वर्ष ती घराबाहेर फारशी दिसली नाही. मग उन्हाळ्यात गुड फ्रायडे आला. त्याच्या आदल्या गुरुवारी त्यांच्यात एक रीत असते. येशूनं शेवटच्या जेवणाआधी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळक मंडळीतल्या काही जणांचे पाय धुतात. त्यांचे पाळक महिन्यातून दोनदा आदिलाबादहून येतात. त्यांनी घमेलं घेतलं, टॉवेल कमरेला बांधला आणि चार म्हाताऱ्यांचे पाय धुतले. प्रार्थना झाली, चहा झाला. गयाबाई तशीच बसून राहिली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "हे वर्सातून एकच डाव काऊन?"

"आठवण म्हणून करतो ना, बाई."

"तेच्या शिष्यायच्या पायाले तं धूळ व्हती. आपल्या गड्यायच्या पायाले जहर लागते. ते रोज लागते."

पाळकांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तुमचं म्हणणं काय?"

"माह्यं म्हननं काई नाही. मले दोन टाक्या पायजे."

पुढच्या फेरीला पाळकांच्या जीपमधून दोन निळ्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या. सुधाकरराव म्हणून आमच्या गावातले मोठे कास्तकार आहेत. त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गावात शिरायच्या वाटेवर एक कडुनिंब आहे आणि जवळच त्यांचा बोअर आहे. ती त्यांच्याकडं गेली आणि बोअरचं पाणी मागितलं. सुधाकरराव देवभोळे, कपाळाला रोज गंध. ते म्हणाले, "पाणी ने. पण तिथं तुझी प्रार्थना-बिर्थना नाही चालणार." ती म्हणाली, "तिथं साबन चालन का?" साबण चालणार होता.

तिनं झाडाला दोरी बांधली, तीन जुन्या साड्यांचा आडोसा केला. गावात घरोघर फिरून जुने शर्ट, लुंग्या, पायजमे मागितले. माझ्याही दारी आली. मी तिला माझा गंमतीतला जरीचा सदरा काढून दिला, मोठ्या थाटानं. तो सदरा ज्याच्या वाट्याला येई त्याला बाकीचे त्या दिवशी महाराज म्हणत.

तिचं काम असं चाले. सांज व्हायच्या आधी ती दोन्ही टाक्या भरून ठेवायची. फवारा मारून आलेला माणूस वाटेतच थांबायचा. तो लहान असो मोठा असो, ती आधी त्याला दगडावर बसवून त्याच्या हातापायांवर पाणी घालायची, साबण लावून बोटांच्या मधलं, नखांतलं चोळायची. मग त्यानं आडोशाला जाऊन आंघोळ करायची, कोरडे कपडे घालायचे, आणि आपले कपडे तिच्या घमेल्यात टाकून घरी जायचं. ती हातात रबरी मोजे घालून ते कपडे वेगळ्या पाण्यात धुवायची आणि वाळत टाकायची. सकाळी ज्याचे त्यानं न्यायचे.

सुरुवातीला गडी कुरकुरायचे.

"मावशी, पोटात कावळे ओरडून राह्यले. पहिले भाकर खाऊन येतो."

"पहिले साबन, मंग भाकर."

"बिडी तं ओढू दे मंग."

"ओढ ना. दौलतच्या बाजूची जागा रिकामीच हाय, तिथं जाऊन ओढ निवांत."

मग बिडी कानावर जायची आणि माणूस दगडावर बसायचा. कपडे चोळताना तिचे ओठ हलायचे. कोणी विचारायचं, "मंतर मारतं काय मावशी?" ती म्हणायची, "तुह्यं नाव सांगून राह्यली देवाले." "काय सांगतं माह्यं?" "का याले जित्ता ठेव, पन आंघोळीची अक्कल दे." तिनं कोणाला कधी आपल्या प्रार्थनेला बोलावलं नाही. कोणी आपण होऊन गेला तर पाट द्यायची, एवढंच.

पाच हंगाम असे गेले. सांजेला वीस-पंचवीस माणसं तिथं थांबायची. या पाच हंगामांत आमच्या गावातून फवारणीचा एकही माणूस दवाखान्यात गेला नाही. आजूबाजूच्या गावांतून गेले. हे आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. न घडलेलं ध्यानात येत नाही.

आता माझं सांगतो. सांजेला वावरातून परतणारी माणसं पूर्वी माझ्या ओट्यावर टेकायची. मी जुने प्रसंग सांगायचो, आवाज काढून दाखवायचो, आणि चार माणसं हसली की माझी भाकरी गोड व्हायची. ती माणसं आता कडुनिंबाखाली थांबू लागली. तिथंच त्यांचं हसणंखिदळणं व्हायचं, आणि तिथून आंघोळ करून, भुकेले, ती सरळ घरी जायची. माझ्या ओट्यावरून ते हसणं ऐकू यायचं. विनोद माझा नसताना लोक हसत होते. हे मला खुपत होतं. त्या वेळी मी हे कोणाला सांगितलं नसतं. स्वतःलाही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा पोळा. आमच्याकडं पोळ्याला गावातले बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून केलेली टोचणी. सावकार, पुढारी, शेजारी, जावई, कोणालाही टोचावं आणि शेवटी महादेवाचा गजर करावा. त्या दिवशी कोणी रागवत नाही, तशी रीत आहे. त्या पोळ्याला पोरांनी मला पुढं ढकललं. "चंपतमामा, एक होऊन जाऊ द्या." बऱ्याच वर्षांनी माझ्यासमोर दोनशे माणसं उभी होती. मी फेटा सारखा केला, एक पाय पुढं टाकला आणि म्हटलं,

पाठीवर पंप, तोंडाले फडकं,
घराची वाट सोडून पाय तिकडं;
कडुनिंबाखाली साबनाची वडी,
कापडं काढाले उभे गावातले गडी;
पहिली बादली जहर काढी,
दुसरी बादली जात काढी!

महादेवाचा गजर झालाच नाही. हसण्यात तो बुडून गेला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून वाकली. शाळेच्या भिंतीला बाया उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. त्या बायांतच बैलांच्या आरतीचं ताट बघायला आलेली गयाबाई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि नाल्याकडं निघून गेली. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सोंगाड्याला गर्दीतला न हसणारा चेहरा सगळ्यात आधी दिसतो.

ही झडती दुसऱ्या दिवशी पोरांच्या तोंडी झाली. तिसऱ्या दिवशी ती कोणीतरी मोबाईलवर टाकली. मग बाया नवऱ्यांना विचारू लागल्या, "आज कोनती बादली घेतली?" सुधाकररावांच्या मळ्यावर त्यांचे सोयरे आले होते, त्यांनी विचारलं, "तुमच्या बोअरवर माणसं बाटवतात म्हणे?" सुधाकररावांनी पाणी बंद केलं नाही, पण आपल्या वावरातल्या गड्यांचं तिथं थांबणं त्यांनी आधी बंद केलं. पोळ्यानंतरच्या पहिल्या सांजेला कडुनिंबाखाली दहा जण थांबले. मग चार. मग एक. आठवड्यानं कोणीच नाही.

गयाबाई टाक्या भरतच होती. मी ओट्यावरून रोज बघत होतो. ती दोन्ही टाक्या भरायची, साबणाची वडी दगडावर ठेवायची, दोरीवर कोरडे कपडे टाकायची आणि बसून राहायची. माणसं समोरून जायची. कोणी मान खाली घालून, कोणी हसत. ती नावानं हाक मारायची, "अमर, पाय तं धुवून जाय रे." अमर म्हणायचा, "घरी धुतो मावशी." घरी कोण धुतो? घरी माणूस ओसरीत आडवा होतो. अंधार पडला की ती टाक्या उपड्या करून घरी जायची. माझ्या मनात आलं, आता चार दिवसांत विसरतील लोक. गमतीचं कोण एवढं मनावर घेतो?

माझा भाचा सुरेंद्र, माझ्या धाकट्या बहिणीचा पोरगा. बहीण गेल्यावर मीच त्याला वाढवलं. तिशीचा गडी, स्वतःचं तीन एकर वावर, फुरसतीत दुसऱ्याचंही फवारायचा. पोळ्यानंतर बाराव्या दिवशी तो ओसरीत पडलेला सापडला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आम्ही त्याला गाडीत घालून आदिलाबादला नेलं. मी होतो, त्याची बायको रंजीता होती.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलला. त्यानं पंपाचं विचारलं, औषधाचं नाव विचारलं, मग म्हणाला, "छिड़काव के बाद नहाता था कि नहीं?"

रंजीता म्हणाली, "पहले नहाते थे. रोज. पोले के बाद बंद किया."

"क्यों?"

रंजीतानं डोक्यावरचा पदर सावरला. माझ्यासमोर ती कधी डोळे वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही तिनं वर पाहिलं नाही. खालीच बघत मराठीत म्हणाली, "मामाजीले विचारा."

डॉक्टरला मराठी समजलं नाही. तो पुढं काही न विचारता आत गेला. मी मात्र तिथंच उभा राहिलो.

सकाळच्या गाडीनं गयाबाई आली. कोणी बोलावलं नव्हतं. पिशवीत साबण, नेलकटर, दोन धुतलेले पंचे. तिनं नर्सची परवानगी घेतली. नर्सनं तेलुगूत विचारलं, तुम्ही याच्या कोण? मंचेरियलमुळं तिला तेलुगू येते. ती म्हणाली, मी याच्या गावची. एवढं सांगून ती सुरेंद्रच्या खाटेजवळ बसली आणि त्याची नखं कापू लागली. एकेक नख कापून कागदात गुंडाळत होती. केसांतून ओला पंचा फिरवत होती, कानामागं पुसत होती. दुपारपर्यंत तिचं तेच चाललं होतं. मधेच तिचे ओठ हलत होते.

ती नळावर पंचे धुवायला आली तेव्हा मी तिच्यामागं गेलो.

"गयाबाई, ते झडती माही व्हती."

"माईत हाय. मी तिथंच उभी व्हती."

"चुकलं माह्यं."

"व्हय. चुकलं."

मी थांबलो. मंचावर समोरच्याच्या ओळीची वाट बघायची सवय असते. ती म्हणेल, जाऊ द्या काका, झालं गेलं. ती ओळ आली नाही. तिनं पंचा पिळला.

मीच बोललो. "मी दुसरी झडती करतो. दसऱ्याले म्हनतो. तुह्यावर चांगली करतो, बाई, अशी का लोकायच्या डोळ्यात पानी आलं पायजे."

"नोको."

"काऊन?"

"पयल्या झडतीनं लोकं हसले, दुसरीनं रडतीन. दोन्ही डावा टाळ्या तुमाले. मले झडती नोको, काका. मले पानी वढाले मानूस पायजे. अजून महिना हाय फवारनीचा."

मी म्हणालो, "मले माफ तं कर."

तिनं पंचा दोरीवर टाकला. "माफी देवापाशी असते. मी बी मांगते रोज, दौलतसाटी. सात वर्सं झाले. मले अजून काई आवाज नाही आला. तवरोक पानी वढते. तुमी बी वढा."

सुरेंद्र वाचला. सतरा दिवसांनी घरी आला. उजव्या डोळ्याला आता धूसर दिसतं, आणि हात असे थरथरतात की कपातला चहा बशीत सांडतो. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो तर म्हणाला, "मामा, तुमची झडती भारी व्हती पन." चिडून नाही म्हणाला. हसत म्हणाला. मला तिथून उठताही येईना आणि बसवेनाही.

सुरेंद्र दवाखान्यात असतानाच मी गयाबाईकडं कामाला लागलो होतो. पहिल्या सांजेला बोअरवरून बादल्या वाहताना दोनदा पाणी पायावर सांडलं. सत्तरीचा माणूस मी, घरी लोटा उचलला नाही. माझ्या लेकाची बायको घराच्या फाटकात उभी राहून बघत होती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "उद्या घरचा बी हंडा भरसान मंग." टाक्या भरल्या, मी दगडाजवळ बादली घेऊन उभा राहिलो. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

दोन गडी फटफटीवरून आले, मला बघून थांबले, आणि गावात निघून गेले. मला वाटलं गेले ते गेले. थोड्या वेळात ते सहा जणांना घेऊन परत आले. मागून आणखी चार. सगळे नुकतेच वावरातून आलेले, कपडे चिकट, तोंडाला फडकी.

"काय सोंगाड्या, आज कोनतं सोंग काढलं?"

"थांब, मोबाईल काढू दे. चंपतमामा पानक्या."

"मामा, माही जात काढता का? जरा हळू काढजा, दुखते."

माझ्या जिभेवर उत्तर आलं. आलंच. असं उत्तर की तिथल्या तिथं त्यांची बोबडी वळली असती आणि हशा माझा झाला असता. गयाबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"काका, तुमी बोलू नोका. पानी टाका."

मी उत्तर गिळलं. पाणी टाकत राहिलो. ते हसले, फोटो काढले, मला नाच म्हणाले, गंमतीतला आवाज काढून दाखव म्हणाले. हे सगळं करताना ते दगडावर बसले होते, आणि गयाबाई त्यांच्या बोटांच्या मधलं चोळत होती. हसायला आले होते, पण धुवून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांना आणलं. भीमपूरहून एक पाहुणा तर खास मला बघायला आला. त्यानं फवारा मारलेला नव्हता, तरी गयाबाईनं त्याचे पाय धुतले आणि त्याला हाकलून दिलं. आठवड्यात गर्दी पूर्ववत झाली. मी जन्मभर माणसं ओढली, पण इतकी खाली मान घालून कधी ओढली नव्हती. आणि लोक चार दिवसांत विसरतील असं जे मला वाटलं होतं ते माझ्या बाबतीत मात्र झालं नाही. अजूनही वाटेत कोणी भेटलं की विचारतो, "मामा, कोनती बादली?"

सुरेंद्र घरी आला त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सांज होत आली होती. रांगेत पाच-सहा जण होते. त्यांच्या मागून, सुरेंद्रच्या वावराच्या बाजूनं, एक बाई येताना दिसली. पातळावरून पुरुषी शर्ट, पाठीवर पंप. जवळ आली तेव्हा कळलं, रंजीता. आमच्या गावात बाया निंदण करतात, वेचणी करतात, पण पंप घेत नाहीत. गडी बाजूला सरले.

तिनं पंप खाली ठेवला. माझ्यासमोर नेहमी ओढायची तसा पदर ओढायला हात वर नेला, पण हाताला औषध लागलेलं होतं म्हणून तसाच खाली आणला.

"कोन मारन?" ती म्हणाली. "ह्यायचे हात थरथरतेत. वावर तं आहे."

गयाबाई आडोशाला दुसऱ्या कोणाचे कपडे भिजवत होती. तिनं तिथूनच पाहिलं आणि बाहेर आली नाही. रंजीता दगडावर बसली. सणावाराला ती माझ्या पाया पडते. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. आता ती दगडावर होती आणि मी खाली उकिडवा. तिच्या पायांना चिखल होता, त्यावर औषधाचा पांढुरका थर. नखाच्या कडेनं कातडी लाल झाली होती.

मी पाणी घातलं. साबण लावला.

"मामाजी," ती म्हणाली, इतक्या हळू की मागच्यांना ऐकू जाऊ नये. "त्या दिवशी मी बी हसली व्हती. मीच म्हनलं ह्यायले, नोका जाऊ तिकडं, बाया हासतेत."

मी बादलीत हात घालून साबण पुन्हा ओला केला.

"नीट धुवा," ती म्हणाली. "बोटायच्या मधात."

मी बोटांच्या मधलं धुतलं. आधी उजवा पाय, मग डावा. तोवर गयाबाईनं दुसरी बादली भरून माझ्याजवळ सरकवली आणि रंजीताला हाताला धरून आडोशाला नेलं. दगडावर पुढचा माणूस येऊन बसला. त्याचे पाय मला दिसले. तो कोण होता हे बघायला मी मान वर केली नाही.